सुप्याचे मोहिते आणि रायगडाची पट्टराणी

१/
सुपे आणि इंदापूर ही नावे आज ऊस, जिरायत शेती आणि निवडणुका यांच्या संदर्भात कानी पडतात. सतराव्या शतकात मात्र ही दोन परगण्यांची ठाणी होती आणि भोसले घराण्यातील अनेक स्त्रियांची आयुष्ये या मुलुखाच्या घडामोडींशी बांधलेली होती. त्यांपैकीच एक म्हणजे महाराणी सोयराबाई, छत्रपती शिवाजी महाराजांच्या अभिषिक्त पट्टराणी. त्यांच्याविषयी आणि त्यांच्या माहेरच्या मोहिते घराण्याविषयी हा थ्रेड.

२/
आरंभी भूगोल. बारामतीच्या वायव्येस, मोरगावच्या पलीकडे, माळरानावर सुपे वसले आहे. तेथील मयूरेश्वर अभयारण्यात आजही चिंकारा हरणे दिसतात. बारामतीतून कऱ्हा वाहते, दक्षिणेस नीरा आणि नीरेपलीकडे फलटण. पूर्वेकडे इंदापूर आणि त्याला वळसा घालणारी भीमा. नीरा आणि भीमा यांचा संगम नीरा नरसिंहपूर येथे होतो. पुणे, सुपे, इंदापूर आणि चाकण हा शहाजीराजांच्या जहागिरीचा गाभा. या नद्यांच्या काठची देशमुख आणि पाटील घराणी परस्परांत सोयरिकी करत. त्या सोयरिकी म्हणजेच त्या काळचे राजकारण.

३/
भोसल्यांच्या उदयाच्या कथेत इंदापूरला एक हळवे स्थान आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामी आले. त्यांच्या पत्नी उमाबाई या फलटणच्या निंबाळकरांच्या कन्या. पदरी शहाजी आणि शरीफजी हे दोन लहान पुत्र. मालोजींचे बंधू विठोजी यांनी या कुटुंबाचा सांभाळ केला. एका स्त्रीचे वैधव्य, दिराचा आधार आणि नीरेपलीकडचे बलाढ्य माहेर या तीन गोष्टींवर पुढच्या राजवंशाचा पाया टिकून राहिला. नकाशावर रेषा ओढणाऱ्यांचा इतिहास आपण वाचतो, पण त्या रेषा पुसल्या जाऊ नयेत म्हणून घर राखणाऱ्यांचा इतिहास बहुधा एका ओळीत संपतो.

४/
शहाजीराजांच्या ज्येष्ठ पत्नी जिजाबाई, सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या कन्या. १६२९ साली निजामशहाच्या दरबारात, दौलताबादेस, लखुजींची हत्या झाली. जिजाबाईंचे माहेर एका घटकेत कोसळले. शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई या मोहित्यांच्या कन्या. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरच्या मराठा राज्याचे संस्थापक झाले. एकाच घरातील दोन माहेरे, दोन पुत्र आणि पुढे दोन राज्ये. भोसल्यांच्या पुढील दोन पिढ्यांतील वारशाचा प्रश्न या रचनेतच बीजरूपाने होता.

५/
मोहिते हे मूळ कऱ्हाडजवळच्या तळबीडचे, वसंतगडाच्या पायथ्याचे. तुकाबाईंचे बंधू संभाजी मोहिते शहाजीराजांच्या विश्वासातले. १६३६ च्या तहाने निजामशाही संपली, शहाजीराजे आदिलशाहीत रुजू होऊन कर्नाटकात गेले. त्यांच्या पश्चात पुणे प्रांती जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे राहिले, तर सुपे परगण्याचा कारभार संभाजी मोहित्यांकडे राहिला. म्हणजे शिवाजीराजांच्या दाराशीच त्यांच्या सापत्न मातेच्या बंधूचे ठाणे होते. नात्याने ते मामा. कारभाराच्या दृष्टीने मात्र भाच्याचे हुकूम मानण्याचे बंधन त्यांना वाटत नव्हते.

६/
पुढचा प्रसंग सभासदाच्या बखरीत आला आहे. शिमग्याचा सण. सणाची बक्षिसी, म्हणजे ‘पोस्त’, मागण्याच्या निमित्ताने शिवाजीराजे मामाच्या भेटीस सुप्यास गेले, त्यांना कैद केले आणि परगणा ताब्यात घेतला. तीनशे घोड्यांची पागा आणि बराच ऐवज हाती आला. मामांना पुढे शहाजीराजांकडे कर्नाटकात धाडण्यात आले. सणाचे हसू, नात्याचा आदर आणि राज्याचा हिशेब हे सारे एकाच भेटीत एकवटले होते. रक्तपाताविना झालेली ही कारवाई स्वराज्याच्या आरंभीच्या महत्त्वाच्या हालचालींपैकी एक मानली जाते.

७/
परंतु या कथेला एक दुसरी बाजू आहे. सुप्यास कैद झालेले संभाजी मोहिते हे सोयराबाईंचे वडील. आणि कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर १६९७ साली लिहिली ती जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेने. राजाराम म्हणजे सोयराबाईंचे पुत्र. आपल्या पित्याने आपल्या आजोबांना शिमग्याच्या दिवशी कसे कैद केले, ही हकीकत नातवाच्या आज्ञेने लिहिलेल्या ग्रंथात निःसंकोचपणे नोंदवली गेली. त्या घराण्यात माहेर आणि सासर यांतील सीमा किती गुंतागुंतीची होती, हे सांगण्यास एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

८/
सापत्न मामाची कन्या म्हणजे मामेबहीण. मराठा कुळांत मामाच्या मुलीशी विवाह हा रूढ आणि इष्ट मानला जाई, कारण एकदा जुळलेले नाते पुढच्या पिढीत पुन्हा घट्ट होई. शिवाजी महाराजांच्या आठ विवाहांकडे या दृष्टीने पाहावे. निंबाळकर, मोहिते, पालकर, गायकवाड, जाधव, शिर्के, विचारे, इंगळे या घराण्यांची ही यादी मावळ, कोकण, वऱ्हाड आणि नीरेकाठचा नकाशाच आहे. प्रत्येक राणी आपल्याबरोबर एक घराणे, काही तलवारी आणि काही जुने हेवेदावे घेऊन येत असे.

९/
प्रथम पत्नी सईबाई, फलटणच्या निंबाळकरांच्या. म्हणजे आजेसासू उमाबाईंचे आणि त्यांचे माहेर एकच. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर त्यांनी संभाजीराजांना जन्म दिला. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचे निधन झाले, तेव्हा संभाजीराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. त्यांचे बालपण आजी जिजाबाईंच्या छायेत गेले. सईबाईंच्या निधनानंतर राणीवशातील ज्येष्ठत्व कालांतराने सोयराबाईंकडे आले. सोयराबाईंना बळीबाई ही कन्या होती आणि २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर राजाराम हा पुत्र झाला.

१०/
राजारामांच्या जन्माची एक आख्यायिका सभासदाने सांगितली आहे. मूल पालथे जन्मले. लोक शंकित झाले. महाराजांनी मात्र त्याचा अर्थ उलट लावला: हा पुत्र दिल्लीची पातशाही पालथी घालील. कथेची सत्यता बाजूस ठेवली तरी एक गोष्ट उरते. ही कथा जिंजीत लिहिली जात होती तेव्हा औरंगजेबाची फौज दक्षिणेत होती आणि राजाराम त्या फौजेशी झुंजत होते. पुत्राचे भाकीत लिहिणाऱ्याने मातेच्या मनाची नोंद केली नाही. दरबारी साधनांची ही रीतच आहे.

११/
६ जून १६७४, रायगड. राज्याभिषेकापूर्वी महाराजांची मुंज झाली, आणि पत्नींशी समंत्रक विवाह पुन्हा लागले. वैदिक विधीत राजासमवेत अभिषिक्त पत्नी आवश्यक असते. तो मान सोयराबाईंना मिळाला. त्या पट्टराणी झाल्या, संभाजीराजे युवराज झाले. अष्टप्रधानांत सेनापती म्हणून उभे होते हंबीरराव मोहिते, सोयराबाईंचे बंधू. त्याच वर्षी फेब्रुवारीत नेसरीस प्रतापराव गुजर पडले आणि सेनापतिपद हंबीररावांकडे आले होते. अभिषेकप्रसंगी त्यांच्या हाती दुधाने भरलेला रुप्याचा कलश होता, असे वर्णन आढळते.

१२/
त्या एका दिवशी मोहिते घराण्याच्या भाग्याचे शिखर दिसते. सुप्याच्या ठाण्यात कैद झालेल्या गृहस्थांची कन्या सिंहासनाशेजारी आणि पुत्र सेनेच्या अग्रभागी. परंतु याच सोहळ्यात एक पेचही उभा राहिला. युवराज एका मातेचा, पट्टराणी दुसरी माता. ज्येष्ठ पुत्र सतरा वर्षांचा आणि लढाईत तयार होत असलेला, कनिष्ठ पुत्र चार वर्षांचा. पुढे राज्य कोणाचे, याचा लेखी नियम कोठेही नव्हता. त्यानंतर बाराव्या दिवशी, १७ जून रोजी, पाचाडास जिजाबाईंचे निधन झाले. घरातील तंटा घरातच मिटवू शकणारी व्यक्ती राहिली नाही.

१३/
डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानास जाऊन मिळाले आणि वर्षभराने परतून पन्हाळ्यास आले. १६८० च्या आरंभी पितापुत्रांची पन्हाळ्यावर भेट झाली. राज्याचे दोन भाग करून तुंगभद्रेपलीकडचा प्रदेश संभाजीराजांस आणि अलीकडचा राजारामांस द्यावा, असा विचार महाराजांनी बोलून दाखवल्याचे सभासद सांगतो. तो विचार निर्णयापर्यंत पोहोचला नाही. मार्च १६८० मध्ये रायगडावर राजारामांची मुंज आणि पाठोपाठ प्रतापराव गुजरांच्या कन्या जानकीबाईंशी विवाह झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचे निधन झाले.

१४/
त्या क्षणी रायगडावर सोयराबाई होत्या, दहा वर्षांचे राजाराम होते, अण्णाजी दत्तो होते. संभाजीराजे पन्हाळ्यास. २१ एप्रिल रोजी राजारामांचे मंचकारोहण करण्यात आले. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पिंगळे संभाजीराजांना कैद करण्यासाठी पन्हाळ्याकडे निघाले. या बेताचे यश एका व्यक्तीवर अवलंबून होते. ती व्यक्ती म्हणजे सैन्यासह कऱ्हाड प्रांती असलेले सेनापती हंबीरराव, राजारामांचे सख्खे मामा. रायगडावरील मंडळींनी त्यांचा पाठिंबा गृहीत धरला असावा. भाच्याला राज्य मिळत असता मामा विरोधात का जाईल?

१५/
हंबीरराव विरोधात गेले. त्यांनी अण्णाजी आणि मोरोपंत यांना वाटेतच पकडले आणि पन्हाळ्यास संभाजीराजांच्या स्वाधीन केले. बहिणीचा पुत्र की थोरल्या धन्याचा ज्येष्ठ पुत्र, हा प्रश्न त्यांनी सेनापतीच्या नात्याने सोडवला. मोगलांची स्वारी येणार हे दिसत होते. दहा वर्षांच्या मुलाच्या नावाने प्रधानांनी चालवलेले राज्य त्या स्वारीपुढे टिकले नसते. वडिलांना सुप्यास भाच्याने कैद केले होते, आता पुत्राने भाच्याच्या पक्षाला कैद केले. दोन्ही वेळा नात्यापेक्षा राज्य मोठे ठरले.

१६/
इतिहासात हंबीररावांची स्वामिनिष्ठा गौरवली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच निर्णयाकडे रायगडावरून पाहावे. पती जाऊन महिना-दीड महिना झालेला. पुत्र लहान. सापत्न पुत्राशी दुरावा उघड झालेला. आणि ज्या बंधूच्या बळावर सारे उभे होते त्यानेच पाठ फिरवलेली. त्या काळात राणीचे बळ म्हणजे पतीची मर्जी, पुत्राचे वय आणि माहेरची फौज. सोयराबाईंच्या हातून यांपैकी पहिले गेले होते, दुसरे अपुरे होते, तिसरेही त्या वैशाखात निसटले.

१७/
१८ जून १६८० रोजी संभाजीराजे रायगडावर आले. कथाकादंबऱ्यांत येथेच सूडाचा पडदा उघडतो. अस्सल साधने वेगळे सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संभाजीराजांनी दिलेल्या संस्कृत दानपत्रात सोयराबाईंचा उल्लेख स्फटिकासारख्या निर्मळ मनाची राजपत्नी अशा आशयाने येतो. दोष दिला आहे तो प्रधानांना. मंचकारोहण झालेल्या राजारामांना राजवाड्यात सुरक्षित वाढवले गेले. कैदेत टाकलेल्या प्रधानांनाही पुढे मोकळे करून पदे देण्यात आली. १६ जानेवारी १६८१ रोजी संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.

१८/
तो समेट टिकला नाही. १६८१ च्या पावसाळ्यात औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर दक्षिणेत आश्रयास आला. संभाजी महाराजांवर विषप्रयोगाचा कट झाला, तो फसल्यावर कटकर्त्यांनी अकबराशी संधान बांधले आणि अकबराने ते संभाजी महाराजांना कळवले. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी आदींना देहदंड झाला. २७ ऑक्टोबर १६८१ रोजी सोयराबाईंचे निधन झाले. पट्टाभिषेकाला साडेसात वर्षेही झाली नव्हती.

१९/
उत्तरकालीन बखरींनी या मृत्यूभोवती भीषण कथा रचल्या. संभाजी महाराजांनी सावत्र आईला भिंतीत चिणून मारले, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. रायगडावर येताच हे घडले असे सांगितले जाते, पण दानपत्र त्यानंतरचे आणि निधन तर सोळा महिन्यांनंतरचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बखर लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस हे देहदंड झालेल्या बाळाजी आवजींचे वंशज होते, हेही ध्यानी ठेवावे. या कथेने एका वाक्यात दोघांवर अन्याय केला. संभाजी महाराज क्रूर ठरले, सोयराबाई कपटी सावत्र आई ठरल्या.

२०/
हे केवळ मराठी इतिहासात घडले नाही. फ्रान्सची राणी इझाबो हिचे उदाहरण घ्यावे. बव्हेरियाच्या राजकुळातली ही कन्या १६ व्या वर्षाच्या आसपास, १६८० च्या जवळजवळ तीन शतके आधी, १३८५ साली फ्रान्सच्या सहाव्या शार्लशी विवाहबद्ध झाली. १३९२ पासून राजाला वेडाचे झटके येऊ लागले. राजाचे आप्त सत्तेसाठी एकमेकांवर तलवारी उपसून उभे राहिले आणि राणीला कधी या तर कधी त्या पक्षाशी जुळवून घ्यावे लागले. १४२० च्या त्रुआच्या तहाने तिच्या स्वतःच्या पुत्राचा वारसाहक्क डावलून इंग्लंडच्या राजाला वारस ठरवण्यात आले.

२१/
इझाबो १४३५ साली पॅरिसमध्ये मरण पावली. पुढच्या शतकांनी तिला उधळी, स्वैर आणि पुत्रद्रोही राणी ठरवले. अलीकडच्या अभ्यासकांनी कागदपत्रे पुन्हा तपासून ती प्रतिमा बरीचशी प्रचारातून घडल्याचे दाखवले. इझाबोवर पुत्राला सोडल्याचा आरोप, सोयराबाईंवर पुत्राला धरून राहिल्याचा. आरोप परस्परविरोधी असले तरी पद्धत एकच आहे. वारसाहक्काचा नियम कच्चा असतो, पुरुषांचे गट भांडतात आणि राज्य डळमळल्याचा दोष अखेर अंतःपुराच्या दाराशी नेऊन ठेवला जातो.

२२/
याचा अर्थ सोयराबाई निष्पाप होत्या, असा उलट टोकाचा निवाडा द्यावा असे नाही. आपल्या पुत्राला गादी मिळावी ही इच्छा त्यांनी बाळगली आणि तिच्या नावाने झालेल्या हालचालींत युवराजाच्या हक्काला धक्का बसला. पण ही इच्छा त्या काळच्या राजकारणात अनैसर्गिक नव्हती. तीच इच्छा पुरुषाने धरली तर महत्त्वाकांक्षा म्हटली जाते, स्त्रीने धरली तर कारस्थान. इतिहास वाचताना या दोन शब्दांतील अंतर मोजत राहणे आवश्यक आहे.

२३/
मोहित्यांची कथा मात्र येथे संपत नाही. डिसेंबर १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत हंबीरराव तोफेच्या गोळ्याने पडले. त्यापूर्वी, १६८३-८४ च्या सुमारास, त्यांची कन्या ताराबाई राजारामांना दिली गेली होती. पुन्हा मामाची मुलगी. ज्या भाच्याला हंबीररावांनी राज्य मिळू दिले नाही, त्यालाच त्यांची कन्या वरली. १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाल्यावर ताराबाईंनी बालपुत्राला गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. आत्याने जे १६८० मध्ये योजले आणि जे फसले, ते भाचीने वीस वर्षांनी तडीस नेले.

२४/
याच काळातला आणखी एक प्रसंग जोडून पाहावा. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज कैद झाले तेव्हा रायगडावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. महाराणी येसूबाईंचा पुत्र शाहू लहान होता. त्यांनी स्वपुत्राचा आग्रह न धरता सोयराबाईंच्या पुत्राला, राजारामांना, पुढे केले. पुढे रायगड पडला, येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ साली परतल्या. सवतीच्या मुलांचे वैर म्हणून जे सांगितले जाते, ते सईबाईंच्या सुनेने नऊ वर्षांत संपवले होते.

२५/
ताराबाई १७६१ च्या डिसेंबरात साताऱ्यास निवर्तल्या. त्या वर्षाच्या आरंभी पानिपत झाले होते. तुकाबाई, सोयराबाई, ताराबाई: एका घराण्याच्या तीन पिढ्या भोसल्यांच्या तीन पिढ्यांशी जोडल्या गेल्या. तंजावरची आणि कोल्हापूरची गादी मोहित्यांच्या कन्यांच्या पुत्रांपासून आरंभते. राज्यांच्या वंशावळी पित्याकडून लिहिल्या जातात म्हणून ही रेषा सहसा दिसत नाही. मातेकडून लिहू लागले तर ती सुपे आणि तळबीडकडे येते.

२६/
पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना इंदापुरात थांबावे, मालोजीराजांचे स्मरण करावे आणि त्यांच्यामागे उरलेल्या उमाबाईंचेही करावे. सुप्याच्या माळावर उभे राहून शिमग्याचा तो दिवस आठवताना कैद झालेल्या मामाच्या घरात एक मुलगीही होती, हे विसरू नये. रायगडावर सदरेसमोर मेघडंबरीकडे पाहताना तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेचीही कल्पना करावी. तेथे एके काळी सोयराबाई बसल्या होत्या. त्यांना देवी किंवा खलनायिका न करता, राज्य आणि नाती यांच्या कात्रीत सापडलेली एक कर्ती स्त्री म्हणून ओळखणे, एवढे ऋण नव्या वाचकांनी फेडावे.